फुकटचा दगड
झरीच्या गाडी दलालानं मला फसवलं. मला, ज्याला घासाघिशीत आजवर कुणी हरवलं नाही. आज नव्या गाडीत हँडब्रेकचं बटण ओढलं, मागच्या चाकांपाशी मोटर घुर्र झाली आणि ती जुनी गाडी आठवली. तिला बटण नव्हतं, दांडा होता. घेताना मी तो सपाट अंगणात ओढला, दांड्याचे दात कटकट वाजले, तेवढ्यावर मी खूश. वर काहीतरी फुकट मागितलं, तर त्यानं डिकीतला काळा दगड दाखवला. "ह्यो घ्या, मालक." मी घेतला! चार दिवसांनी गंगाखेडला नदीच्या उतारावर आईला आत बसवून, दांडा ओढून मी नारळ घ्यायला उतरलो, आणि गाडी आईसकट पाण्याकडं निघाली. दार उघडून आत झेप घेतली, पायाचा ब्रेक हातानंच दाबला. मेकॅनिक म्हणाला, "दात वाजायलेत, पण चाकाकडं जाणारी वायरच तुटलीय." मी दलालाची गचांडी धरली. तो म्हणतो कसा, "चाकाखाली लावायला दगड दिलता की! त्यो काय मिरच्या वाटायला व्हता का?" दलाला, आई वाचली म्हणून मी विसरेन, असं समजू नकोस. दगड देताना उघडलेलं तोंड वायरीबद्दल का मिटलं? ते माझ्या आईसमोर उभं राहून सांग.