अकोल्याच्या मीटिंगमध्ये मला बोलू दिलं नाही

मागच्या रविवारी अकोल्याला गेलो होतो. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला... हो, तेच. आता लपवून काही उपयोग नाही, म्हणून इथे लिहितोय.

तशी मीटिंग आमच्या अमरावतीतही होते, माझ्या टेलरिंगच्या दुकानापासून दहा मिनिटांवर. पण त्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज मीच शिवतो. पिताना कधी कुणाची लाज वाटली नाही, सोडायला जाताना मात्र वाटली... म्हणून अडीच तासांची एसटी.

बायको, सविता, पोरीला घेऊन दोन महिन्यांपासून मोर्शीला माहेरी आहे. जाताना भांडली नाही. एवढंच म्हणाली, "एक मीटिंग करून या, मंग फोन करा. त्याच्याआधी करू नका."

त्या एका फोनसाठी निघालो होतो. एसटीत रस्ताभर काय बोलायचं याची तयारी केली. वडील लवकर गेले, रेडिमेडवाल्यांनी धंदा बसवला, मित्र तसले भेटले... ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं सगळं बेतून ठेवलं. शिंप्याला बेतायची सवयच असते.

अकोल्याला उतरलो आणि हात थरथरायला लागले. सकाळपासून घेतली नव्हती. असे हात घेऊन चार लोकांत कसं बसायचं? स्टँडजवळ एक क्वार्टर मारली, वर बडीशेप खाल्ली. दारू सोडायच्या मीटिंगमध्ये नीट बसता यावं म्हणून दारू... आणि त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

मीटिंग एका शाळेत होती. शाळेचं नाव घेतलं तरी लोक ओळखतील असं वाटलं, म्हणून "इथे कुठे कम्प्युटर क्लास आहे का" असं विचारत फिरलो. एका भल्या माणसाने खरंच कम्प्युटर क्लासच्या दारात नेऊन सोडलं. शेवटी शाळा सापडली तेव्हा घामाने शर्ट भिजला होता.

वर्गाच्या दारात साठीचे एक गृहस्थ उभे होते. तिथली नावं बाहेर सांगायची नसतात, म्हणून नुसतं चाचा म्हणतो. गॅरेज चालवतात, चौदा वर्षांत थेंब घेतलेला नाही.

"आज घेतली का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

चाचा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "घेतली असन तरी बसा. फक्त आज बोलाचं नाही. ज्यानं घेतली त्यानं त्या दिवशी आयकाचं, असा आपला कायदा हाय."

असा संताप आला... एवढ्या लांब गप्प बसायला आलो होतो का? पण परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून लहान पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो.

एक माणूस उठला. म्हणाला, "पोरीच्या लग्नात मले मांडवाबाहेर बसवलं होतं. काहून बसवलं, हे तवा समजलंच नाही." एवढंच बोलून तो खाली बसला. कुणी त्याला शहाणपण शिकवलं नाही.

माझी पोरगी तेरा वर्षांची आहे. त्यानंतर मीटिंग संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

निघताना चाचा म्हणाले, "उद्या डॉक्टरले दाखवा, आपल्या मनानं एकदम बंद करू नका. अन् इथं येतानी हात थरथरले तं थरथरू द्या. इथं सगळ्यायचे थरथरले."

स्टँडवर येऊन सविताला फोन लावला. अट तर पूर्ण झाली होती. म्हटलं, "केली मीटिंग."

मग तिने विचारलं, "आज घेतली का?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. बारा वर्षं तेच उत्तर देत आलोय... पण दोन तास गप्प बसून काय झालं होतं कोण जाणे, तोंडातून "हो" निघालं.

"खरं बोलले, बरं झालं," ती म्हणाली. "पन आमी नाही येत."

तिने फोन ठेवला. पोरीला फोन दे, एवढं म्हणायचंही राहून गेलं.

या गोष्टीला आठवडा होत आला. रोज सकाळी ठरवतो आणि रोज घेतो. आजही घेतली. डॉक्टरकडे अजून गेलेलो नाही. उद्या रविवार आहे, पण मीटिंगला जाईनच असं छातीठोक सांगत नाही. माझ्या शब्दावर आता माझाच विश्वास राहिलेला नाही.

चाचांचे आभार मात्र मानायचे आहेत. त्यांनी मला बोलू दिलं असतं तर बेतून नेलेलं सगळं बोललो असतो, लोकांनी पाठीवरून हात फिरवला असता... आणि स्टँडवर येऊन सविताला "नाही घेतली" असंच सांगितलं असतं.