माझी मान, त्याचा आवाज

आमच्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या माणसाची फुकट जाहिरात माझ्या हातून नको. एवढं सांगते की बँड यवतमाळकडच्या आर्णीचा होता, वऱ्हाडीत रॉक गायचा, आणि ड्रम मी वाजवायचे. गावात बँड म्हटलं की लोकांना वरातच आठवायची. बाजारात कुणीतरी आईला अडवून विचारायचं, "पोरगी वरातीत वाजवते काय व?" आई म्हणायची, "वरातीत नाई, गोदामात वाजवते."

आणि ते खरंच होतं. गिटार वाजवणाऱ्याच्या मामाचं कापसाचं जिनिंग होतं, त्याच्यामागे सरकीचं गोदाम. तिथे आम्ही तिघं जमायचो. बास वाजवणारे येत-जात राहिले, त्यांचं सोडा. गाणारा कॉलेजात माझ्या वर्गातला, घरची बरी शेती असलेला. त्याच्यावर माझा राग आहे म्हणून खोटं बोलणार नाही, आवाज अंगावर काटा आणणारा होता. तालाच्या नावानं मात्र शंख. मी लहानपणापासून जयंतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवत आलेले. मला मोजायला कुणी शिकवावं लागलं नाही. गाण्यांचे शब्द आम्ही तिघं मिळून जुळवायचो, त्यातले बरेचसे माझे.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की जिनिंगची यंत्रं सुरू व्हायची. मग गोदामात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. दुसरी जागा नव्हती आणि तालीम बंद ठेवायची कुणाचीच तयारी नव्हती. म्हणून मी एक तोड काढली. सगळे बँड ड्रम मागे मांडतात, मी तो बाजूला मांडला, गाणाऱ्याकडे तोंड करून. ओळ उचलायची वेळ आली की मी हनुवटी वर करायची आणि मान खाली टाकायची. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, त्याची नजर आपोआपच तिथे लागली, आणि मान खाली आली की त्याचा आवाज फुटायचा.

होळीच्या सुमाराला यंत्रं थांबली, सवय राहिली. पुढे प्रत्येक स्टेजवर मी तशीच आडवी बसले. तो डोळे अर्धे मिटून, मान तिरपी करून गायचा. लोक म्हणायचे, काय तल्लीन होतो हा. तल्लीन कसला, माझ्या मानेकडे बघत असायचा.

आधी कॉलेजचं गॅदरिंग, मग जयंतीचा कार्यक्रम, मग यवतमाळ. तिथे कुणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ फिरला आणि आम्हाला नागपूर, पुण्याहून बोलावणी यायला लागली. पिकअपमध्ये सामान आणि सामानावर आम्ही. पुण्यात आयोजकांनी विचारलं की ड्रम असा आडवा का. मी म्हटलं, आमच्याकडे असाच असतो. ती वर्षं सुखाची होती, आणि म्हणूनच पुढचं जास्त झोंबलं.

एका ऑनलाइन कार्यक्रमात त्याची मुलाखत झाली. त्याच्या एकट्याचीच. तो म्हणाला, "ताल माझ्यात जन्मापासूनच आहे. बाकीचे मित्र आहेत, चांगली साथ देतात." मी जेवता जेवता ते बघत होते. तेवढंच मागे घेऊन पुन्हा ऐकलं.

मोठ्या दौऱ्याच्या आधी तो घरी आला. म्हणाला, "फोटोत तू आडवी दिसतं. लोकं हासतात. मांगं बसत जाय."

"मांगं बसली तर तुले दिसन कसं?"

"काय दिसन?"

 त्याला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो माझ्या मानेवर गात होता आणि आपण आपल्या मनानं गातो असं समजत होता. त्या क्षणी मी सांगू शकले असते. नाही सांगितलं, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मी फक्त म्हटलं, मागे बसणार नाही. काही दिवसांनी गिटारवाल्याचा फोन आला. पुण्याचा एक ड्रमवाला ठरला होता.

"त्याले सांगू काय मानेचं?" त्यानं विचारलं.

"सांगून पाह्य."

त्यानं सांगितलं नाही. आपलीही जागा जाईल ही भीती. नवा ड्रमवाला पुण्यात बसून आमच्या जुन्या रेकॉर्डिंगवर तयारी करत होता, आणि गाणारा आर्णीत त्याच रेकॉर्डिंगबरोबर गात होता. तिथे कुठे उचलायचं ते त्याचाच आवाज त्याला सांगत होता. दोघं एकत्र वाजवायला बसलेच नाहीत, त्यामुळे तालमीत सगळं छान चाललं.

दौऱ्याचा पहिला कार्यक्रम यवतमाळला. मी गेले, पहिल्या रांगेत, एका टोकाला. गिटार सुरू झाली, ड्रम सुरू झाले, आणि गाणारा ओळ उचलायला आधीच धावला. थांबला. गिटारवाल्यानं सुरुवात फिरवून घेतली. या वेळी जागा निघून गेली तरी याचं तोंड उघडेना. मागून ड्रमवाला काठ्या आपटून मोजून देत होता, पण यानं आयुष्यात कधी मोजलेलंच नाही. मग सवयीनं त्याची मान तिरपी झाली. माझ्या जागी स्पीकर होता. तिथून त्याची नजर घसरली ती खाली माझ्यावर.

त्याला तेव्हा कळलं. मी त्याच्या चेहऱ्यावर ते बघितलं. भर सभागृहात तो माझ्याकडे बघत उभा राहिला, रस्ता चुकलेलं पोर बघतं तसा. खरं सांगते, माझी मान आपोआप हलू पाहत होती, तिलाही तीच सवय. मी दोन्ही हातांनी हनुवटी घट्ट धरून बसले. ओळ गेली. पुढची गेली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी ओरडलं, "अबे, गाऊन राह्यला का झोपला?" मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

पुढच्या कार्यक्रमांत त्याच्या कानात मोजणीचं यंत्र घातलं म्हणे. तो शाळेत पाढे म्हणावे तसं गायला लागला. शेवटी एके दिवशी तो आणि गिटारवाला दोघंही माझ्या घरी आले. आईनं चहा दिला.

"चाल परत," गाणारा म्हणाला. "बाजूलेच बस."

"येते. पण त्या मुलाखतीत जे बोलला ते खोडून काढ. सांग सगळ्यायले, का मले मोजता येत नाई, मोजते हे ड्रमवाली."

"एवढ्याशा गोष्टीचं लोकायले कायले सांगाचं?"

"एवढीशीच आहे तर सांग न."

तो चहा संपवून उठला. दुसऱ्या दिवशी बँडच्या पानावर पोस्ट आली, आत्मशोधासाठी दौऱ्यांना विराम. आत्मशोध! खाली चाहत्यांनी बदाम टाकले होते. मीही एक टाकला.

संध्याकाळी गिटारवाल्याचा फोन आला. "झालं समाधान?"

"झालं."

"ते गाणे तुह्येही होते न व."

"होते," मी म्हटलं. "म्हणूनच त्याच्या तोंडी नको."