मस्कतला गेलेली माझी चूक

तारनाक्याहून एक बाई आमच्या शाळेत शिकवायला यायची. तिच्यावर मी इतकी मन लावून जळले आहे की आज पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, एवढं लक्ष मी नवऱ्याकडेही दिलं नसेल. शाळा हैदराबादेत, जामबागेत. माझं घर मलकपेठेत, म्हणजे जवळ, तिचं लांब. तरी उशीर मलाच व्हायचा. मी बसच्या दांड्याला लटकून, पदर कुठे नि पिशवी कुठे अशी पोचायचे, तेव्हा ती स्टाफरूममध्ये बसलेली असायची, साडीची एक घडी विस्कटलेली नाही. तिचा नवरा रेल्वेत होता. तो तिला स्कूटरवरून फाटकापाशी सोडायचा आणि वर हातही हलवायचा. रोज! माझ्या नवऱ्याने मला हात हलवून निरोप दिला असता तर मी त्याचा ताप बघितला असता.

आम्ही दोघी सातवीला विज्ञान शिकवायचो. तिच्याकडे 'अ' तुकडी, माझ्याकडे 'ब'. तिचा वर्ग म्हणजे शांततेचा नमुना. बडी मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पाहुण्यांना मुद्दाम त्या व्हरांड्यातून न्यायच्या आणि ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, "बघा, आत चाळीस मुलं आहेत." माझ्या वर्गापाशी आल्या की त्या पावलं झपाझप टाकायच्या.

माझ्या वर्गातल्या गोंधळाचं कारण होतं. प्रत्येक तासाला मी एक खोटी गोष्ट सांगायचे. कोणती, ते आधी सांगायचे नाही. अगदी गंभीर चेहऱ्याने, फळ्यावर अधोरेखित करून सांगायचे. जो पकडेल त्याने उठायचं, माझ्या हातातला खडू घ्यायचा आणि खरं काय ते वर्गाला समजावायचं. तोवर मी त्याच्या जागेवर, बाकावर बसायचे. मुलं मांजरासारखी टपून असायची. एरवी डुलक्या काढणारीही कान टवकारून बसायची, कारण मिसला बाकावर बसवण्यासारखं सुख दुसरं नाही. कधी कधी मी खरंच बोलत असायचे आणि तरी तिघं खडू ओढायला धावायचे. बडी मॅडम याला तमाशा म्हणायच्या. तारनाकावाली काही म्हणायची नाही, फक्त स्टाफरूममध्ये कपाळ दाबत विचारायची, "आज काय शिकवलंस गं? आमच्या भिंतीचा रंग पडला."

तेवढ्यात मस्कत आलं. ते दिवसच तसे होते. गच्च्यांवर डिश लागत होत्या, शेजारच्या घरात कपडे धुण्याचं यंत्र आलं होतं आणि 'फॉरेन' हा शब्द माणसं पेढा खाल्ल्यासारखा तोंडात घोळवत होती. मस्कतमधल्या एका भारतीय शाळेला विज्ञानाच्या बाई हव्या होत्या. जागा एकच. अर्ज शहरातून पुष्कळ गेले, आणि चाळणीतून शेवटी उरल्या दोघी: ती आणि मी. तिथले प्रिन्सिपल आणि त्यांच्या सल्लागार असलेल्या एक इंग्रज बाई आमच्याच शाळेत येऊन दोघींचा एकेक तास बघणार होते.

खरं सांगते, मस्कत नकाशात कुठे आहे हे मला बघावं लागलं. पण ते तिला मिळणार या कल्पनेनेच माझा घास अडकायला लागला. मला मस्कत हवं होतं ते तिच्याऐवजी. विमानतळावर हार माझ्या गळ्यात पडावा, आणि तिने गर्दीत मागे उभं राहून तिच्या त्या न चुरगळलेल्या साडीत हात हलवावा.

परीक्षेचा सल्ला द्यायला अख्खी स्टाफरूम सरसावली. भूगोलाच्या बाईंची बहीण कुवेतला नर्स होती, म्हणून त्या तज्ज्ञ. "फळ्याला पाठ करायची, मुलांना नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे लिहायचं कसं हो?"

"तिरपं उभं राहून. आणि दर वाक्याला थँक यू. ती लोकं थँक यूवर मार्क देतात."

शिवणाच्या बाईंनी सल्ला दिला की पदराला दोन पिना लाव, एकीवर भरवसा नक्को. आमची तेलुगू आया चहा ठेवता ठेवता माझ्याकडे बघून "पापम" म्हणाली आणि निघून गेली. पापम म्हणजे बिचारी. तो सल्ला होता की दया, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी माझ्या वर्गाला तयार केलं. विषय ठरवून दिला होता, ग्रहण. खोटी गोष्टही मी हेरून ठेवली होती, छान रसरशीत. पलीकडच्या वर्गात तारनाकावाली तिच्या मुलांना ताठ कसं बसायचं ते शिकवत असणार, कारण तिकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी प्रिन्सिपल साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हसत म्हणाले, "आपल्या वर्गाला कुणीही पढवून ठेवतं. तुम्ही दोघी वर्ग बदला."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या साडीची एक निरी सुटलेली मला दिसली. फार बरं वाटलं.

पहिला तास माझा, तिच्या 'अ' तुकडीवर. मी आत गेले. चाळीस मुलं एकदम उभी राहिली, एकदम बसली. मी सूर्य काढला, चंद्र काढला, पृथ्वी काढली, हात नाचवले, आवाज चढवला, उतरवला. नाटक कंपनीत असते तर शिट्ट्या पडल्या असत्या. इथे श्वासही ऐकू येत नव्हता. मग मी माझी खोटी गोष्ट बाहेर काढली. फळ्यावर ठसठशीत लिहिलं: सूर्यग्रहण पौर्णिमेला होतं. खाली रेघ ओढली आणि थांबले.

चाळीस माना खाली गेल्या. चाळीस पेनं चालली.

"पक्कं?" मी विचारलं.

"येस मिस!"

"कुणाला काही शंका?"

"नो मिस!"

मागच्या बाकावरच्या इंग्रज बाईंनीही काहीतरी लिहिलं. मला आणखी वाट बघवेना. मी घाईघाईने म्हणाले, "मुलांनो, मी चुकीचं सांगितलं. सूर्यग्रहण अमावास्येला होतं." मुलांनी तेही लिहून घेतलं. खोडलं काहीच नाही. तिच्या मुलांच्या वह्या अतिशय स्वच्छ असायच्या.

मी बाहेर येऊन व्हरांड्यात, माझ्या वर्गाच्या खिडकीला चिकटून उभी राहिले. आता तिचा तास, माझ्या 'ब' तुकडीवर. मनात म्हटलं, आता बघ. माझी वानरं तुझ्या निऱ्या सोडवतील.

सुरुवात तिने सुंदर केली. अक्षर तर असं की फळा फ्रेम करून लावावा. पण मुलं टपलेल्या डोळ्यांनी बघत होती आणि असे डोळे तिने कधी पाहिले नव्हते. ती बावरली. खडू मोडला. आणि बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं की सूर्यग्रहणात पृथ्वी ही सूर्य आणि चंद्राच्या मध्ये येते.

छप्पर उडालं!

"गलत! मिस गलत बोले!" अर्धा वर्ग बाकांवर उभा. "मैं पकडी मिस, पहले मैं पकडी!" एक मुलगी धावत पुढे गेली, तिने सरळ बाईंच्या हातातून खडू काढून घेतला आणि म्हणाली, "मिस, आप मेरी जगह पे बैठो." तारनाकावाली पांढरीफटक पडली होती. काही न सुचून खरंच जाऊन बसली. मुलीने चंद्र मध्ये काढला, दुसऱ्याने सावली दाखवली, तिसऱ्याने पहिल्या दोघांशी भांडण काढून चंद्रग्रहणही समजावून टाकलं. इंग्रज बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

"जाणूनबुजून चुकायचं आणि मुलांना शोधू द्यायचं!" त्या म्हणाल्या. "हे तुम्ही कुठे शिकलात?"

खिडकीतून तिची माझ्याशी नजरानजर झाली.

"इथेच, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही सगळ्याच करतो."

सगळ्याच! त्या 'सगळ्याच'वर मी आजही बोटं मोडते. नाव घेतलं असतं तर जीभ झडली नसती. पण मी तरी कुणाकडे दाद मागू? बड्या मॅडमना जाऊन काय सांगू, की तिची चूक खरी होती आणि माझी खोटी, म्हणून मला पाठवा?

निकाल तुम्हाला कळलाच असेल. स्टाफरूममध्ये पेढे आले. मी दोन खाल्ले, रागाने.

त्यानंतरच्या एका रविवारी ती माझ्या घरी आली. स्कूटरवरून नाही, बसने, केस विस्कटलेले. मी चहा टाकला आणि सासूबाईंना देवळात धाडलं, कारण भांडण झालं तर ते मला निवांत करायचं होतं.

"मस्कतहून कळवलंय," ती म्हणाली. "तिथल्या दुसऱ्या बायकांनाही माझी पद्धत दाखवायची आहे."

"तुझी पद्धत," मी म्हटलं.

"टोमणे मार, मी ऐकून घेते. पण मला शिकव. मला चुकता येत नाही गं. एकदा चुकले ते भीतीने. रोज कशी चुकू?"

काय सुख झालं ते शब्दांत मावणार नाही. माझी जागा पळवणारी बाई माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मला चुकायला शिकव म्हणत होती. मी चांगली तीन वेळा 'काय म्हणालीस?' असं विचारून घेतलं.

मग शिकवलं. "बोल, हैदराबाद समुद्रकाठी आहे." ती बोलण्याआधीच लाल झाली. "अगं, डोळे मोठे करू नकोस. नवऱ्याला साडीची किंमत सांगतेस ना, तशी बोल."

"मी त्यांना खरी किंमत सांगते."

"मग कठीण आहे," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच आम्ही दोघी एकत्र हसलो. म्हणून माझी जळजळ कमी झाली असं समजू नका. हसतानाही तिचे दात सरळ होते.

शाळा सोडण्याआधी तिने ते तिच्याच 'अ' तुकडीवर करून बघायचं ठरवलं. मला दारात उभं केलं. तास चालू झाला. मध्येच, बऱ्यापैकी शांत चेहऱ्याने ती म्हणाली, "वटवाघूळ हा पक्षी आहे." फळ्यावर लिहिलं, रेघ ओढली.

माना खाली. पेनं चालली. "पक्कं?" "येस मिस!"

मला वाटलं, आता ही घाबरेल, माझ्यासारखी स्वतःच सांगून मोकळी होईल. माझी तशी इच्छाच होती म्हणा. पण ती काही बोलली नाही. खडू हातात धरून नुसती उभी राहिली. पेनं लिहून थांबली, माना वर आल्या, मुलं एकमेकांकडे बघू लागली, कुणीतरी खोकलं, तरी ती उभीच. मला दारात अवघडल्यासारखं झालं. हे थांबणं मी तिला शिकवलं नव्हतं. मला ते येतच नव्हतं.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी अर्धवट उठली. माझ्या तासाला तिनेच सर्वांत मोठ्याने 'नो मिस' म्हटलं होतं. "मिस," ती चाचरत म्हणाली, "वटवाघूळ... दूध पाजतं ना पिल्लांना?"

तारनाकावालीने खडू तिच्या हातात दिला आणि आपण जाऊन तिच्या जागेवर बसली. वर्गात कुजबुज उठली, मग हसू, मग अस्सल कल्ला. बडी मॅडम धावत आल्या, दारावरची 'सातवी अ' ही पाटी वाचली, पुन्हा वाचली.

मस्कत गेलं तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. विमान, हार, रियाल, सगळं मी तिला त्या दारात उभ्या उभ्या देऊन टाकलं असतं. त्या मुलीने फक्त माझ्या तासाला उठायला हवं होतं. बाकावर बसल्या बसल्या तारनाकावालीने माझ्याकडे वळून बघितलं. डोळे भरलेले होते.

"जमलं का गं?" तिने हळूच विचारलं.

"ठीक," मी म्हटलं. "थोडी जास्तच थांबलीस."