सटवाजीचा पक्का दात

सटवाजी मेला तेव्हा मी मातीला गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तो जिवंत होता तेव्हा वीस वर्षं मी गप्पच बसलो होतो, आता कशाला बसू?

हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, एका अडत दुकानावर तो हळदीचा पारखी होता आणि मी, सोनाजी, त्याच दुकानावर हमाल. पारख्याचं काम दिसायला सोपं. शेतकरी शिजवून वाळवलेली हळद ओट्यावर ओततो. पारखी ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाचं एक हळकुंड काढतो. ते खणखणीत मोडलं तर माल वाळला, चिवटपणे वाकलं तर ओला. ओला ठरला की भाव आपटला. बाकीचे पारखी हातानं मोडून, कानाशी धरून सांगत. सटवाजी मात्र दाढेखाली फोडायचा. ‘खट्ट’ असा आवाज ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाई आणि मग तो मिशा पुसत म्हणे, "हात खोटं बोलतो, दात न्हाई बोलत." पंचक्रोशीत त्याच्या दातांचं नाव होतं. त्या दातांवर त्याचं घर चालत होतं आणि त्या दातांचा त्याला माज होता.

आता त्या दातांची दुसरी बाजू सांगतो. आमच्या बौद्ध वस्त्यांमधल्या कुणा शेतकऱ्याची हळद आली, की हा ती तोंडात घालत नसे. हळकुंड दोन बोटांत धरायचा, न मोडताच ढिगावर टाकायचा आणि म्हणायचा, "ओली." ती कितीही वाळलेली असो, ओलीच. गंमत अशी, की मोंढ्यातलं प्रत्येक पोतं माझ्याच पाठीवरून ओट्यावर येई. माझ्या घामानं भिजलेल्या पोत्यातलं हळकुंड अमृतराव पाटलाचं असलं, तर हा खुशाल चावायचा. मला तो कधी नावानं हाक मारत नसे. "ए" म्हणायचा, नाहीतर नुसती बोटानं खूण करायचा.

शहात्तर सालच्या चैत्रात, ऐन हंगामात, एका दगडासारख्या हळकुंडानं त्याची उजवीकडची वरची दाढ हिरडीलगत मोडली. मूळ आत राहिलं. त्याची बायको पद्माबाई दवाखान्यात जा म्हणाली. हा म्हणाला, "दवाखान्यात काढतेत, बसवत न्हाईत. मला बसवायचा हाय." आणि पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तो जवळा बाजार या गावी गेला. मीही त्या दिवशी आमच्या दुकानमालक शेठच्या ट्रकवर रिकामी पोती आणायला तिथे गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं.

बाजारात नेमसिंग नावाचा दातवाला बसे. लाल फडकं, त्यावर उपटलेल्या दातांची बरणी आणि चिमटे. त्यानं सटवाजीच्या तोंडात बोट घालून पाहिलं. "जड निकालने का नहीं. इसीमें खूंटी ठोकके दात बिठा देता. पहाड हिलेगा, दात नहीं हिलेगा." सटवाजीला हेच ऐकायचं होतं. नेमसिंगनं मोडकं मूळ कानशीनं घासलं, त्यात पोलादी तारेची खुंटी इवल्या हातोडीनं ठोकली, तिच्यावर तयार दात चिकटवला, दोन्ही बाजूंच्या दातांना तारेनं बांधला आणि सगळ्यावर गुलाबी मसाला लिंपून हिरडी झाकून टाकली. तासाभरात काम फत्ते. निघताना त्यानं बजावलं, आठ दिवस कडक काही खाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी ओट्यावर बसून हळकुंडं फोडत होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

पंधरा दिवसांत गाल सुजला. तेव्हा तरी डॉक्टर गाठावा की नाही? पण आम्ही हळदीच्या मोंढ्यातली माणसं. बोट चेचलं, हळद. पायात काटा मोडला, हळद. दुकानातली पहिल्या प्रतीची हळद तेलात मळून त्यानं त्या मसाल्याच्या सांदीत काडीनं ठासली. रोज ठासायचा. कुणी त्याला अडवलं नाही, कारण आम्ही सगळ्यांनी तेच केलं असतं. मीही. वरून ठणका मरावा म्हणून त्याच गालात तंबाखूची गोळी. थुंकला की पिवळंजर्द पडे, त्यात हळद किती आणि पू किती हे त्यालाही कळत नव्हतं. पी हळद अन् हो गोरी, असं मी मनात म्हणायचो. वाईट वाटलं का? नाही वाटलं.

आषाढापर्यंत शेजारचे दोन्ही दात हलू लागले. सूज डोळ्यापर्यंत चढली, अंगात ताप. पद्माबाई रडत शेठकडे आली. शेठ मला म्हणाला, "सोनाजी, याला परभणीला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन जा. वाटेत पडला बिडला तर उचलायला हमालच बरा."

गाडीत तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तोंडाला कोरड पडलेली, जीभ ओठांवरून फिरत होती. मी तांब्या पुढे केला. त्यानं मान फिरवली. पूर्णेला गाडी बदलेपर्यंत तो तापात तसाच तहानलेला बसला, आणि मग स्टेशनच्या नळाला तोंड लावून घटाघटा प्यायला. मी माझ्या तांब्यातलं पाणी त्याच्यासमोर सावकाश पीत उभा राहिलो.

डॉक्टर तरुण होता, नागपूरला शिकलेला. त्यानं आतली हळद कोरून काढायला सुरुवात केली आणि तो चिडलाच. "हे तोंड आहे का हळदीचं पेव?" मग तार कापली. तार सुटताच तो पक्का दात खुंटीसकट नुसत्या चिमट्यात आला. पहाड हलायची वाटच पाहावी लागली नाही.

"काहून झालं असं?" सटवाजीनं विचारलं. "पैसे तं बराबर देले होते."

"सडकं मूळ आत ठेवून वर दात ठोकलाय," डॉक्टर म्हणाला. "पू बाहेर यायला वाट नाही, म्हणून त्यानं आतलं हाड खाल्लं. त्यावर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून हळकुंडं फोडलीत. खुंटी रोज हलली आणि मूळ उभं चिरलं. सगळी ओढ शेजारच्या दोघांवर आली, तेही कामातून गेले. मसाल्याच्या झाकणाखाली पाणीसुद्धा जात नव्हतं, आणि तिथे तुम्ही तंबाखू अन् हळद कोंबत बसलात." त्यानं लघवीही तपासायला लावली. साखर निघाली. "साखर असली की जखम लवकर भरत नाही. नुसता दातवाला चुकला नाही, तुम्हीही त्याला साथ दिली."

इलाजही त्यानं तिथेच सांगितला. मूळ आणि ते दोन दात काढायचे, आतली घाण खरवडून टाकायची, सुया घ्यायच्या, साखर आटोक्यात आणायची, तंबाखू कायमची बंद. तीन-चार महिने हाड भरू द्यायचं. मग काढता-घालता येणारी कवळी. रात्री काढायची, धुवायची, पाण्यात ठेवायची.

"कवळी नगं. ठोकून पक्का द्या."

"ठोकू कशात? हाड आहे कुठं? परदेशात हाडात धातूचा खिळा रुजवून त्यावर दात बसवायचे प्रयोग चाललेत. पण असल्या तोंडात तो खिळासुद्धा टिकणार नाही. आणि ऐका, कवळीनं हळकुंड फोडायचं नाही. मोडेल."

सटवाजी पहिल्यांदा घाबरलेला दिसला. सुईला नाही, त्या शेवटच्या वाक्याला. दात नसलेला पारखी शेठ कशाला ठेवेल? त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मोंढ्यात कोणाला सांगू नको." विनवणी नव्हती ती, दम होता.

मूळ काढताना डॉक्टर मला म्हणाला, याचं डोकं घट्ट धरा. मी दोन्ही हातांनी धरलं. सटवाजीनं डोळे मिटून घेतले. माझ्या तांब्याचं पाणी न चाललेल्या माणसाला माझे हात अर्धा तास चालले. ठणका लागला की सगळं चालतं, हे मला त्या दिवशी कळलं.

जखम भरली. दिवाळीनंतर कवळी आली, तारेच्या आकड्यांची, गुलाबी हिरडीची. फाल्गुनात नवा हंगाम उघडला. पहिल्या दिवशी त्यानं हळकुंड दाताखाली धरलं आणि नुसताच कळवळला. कवळी जागेवरून निसटली होती. डावीकडचे दातही तोवर डुगडुगायला लागले होते. हातानं पारख करायची त्याला सवय नव्हती, आणि आता तशी करावी तर वीस वर्षांची बढाई आड येत होती. दुपारी त्यानं मला पोत्यांच्या थप्पीमागे बोलावलं.

"सोनाजी," तो म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदा. "तुजे दात बरे हायेत. मी हळकुंड तोंडाशी नेलं की तू माझ्याजवळ वाकून पोतं झटक, अन् त्याच ढिगातलं एक फोड. आवाज आला तं वाळली, न्हाई आला तं ओली. येवढा हंगाम निभाव."

मी हो म्हणालो. भलेपणानं नाही, तो किती वाकतो हे मला पाहायचं होतं. आठ दिवस आमचं हे सोंग चाललं. तो मिशांवर हात धरून हळकुंड तोंडाशी नेई आणि त्याच्या कोपराजवळ, पोत्याआड, मी फोडत असे. दात माझे, मिशा त्याच्या. लोक म्हणत, सटवाजीचा दात पहिल्यासारखाच हाय. तो मान डोलवायचा. हळूहळू "ए"वर परत आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

नवव्या दिवशी शिरड शहापूरहून आशाबाई आली. आमच्यातलीच विधवा बाई, एकटीच्या हिमतीवर दोन एकर करणारी. तिची हळद दर वर्षी ओली ठरत होती. या वर्षी तिनं ती आठ दिवस जास्त उन्हात ठेवली होती. ओतली तेव्हा ढीग खडखड वाजला. ओट्यावर शेठ होता, शेजारी सांगलीचा मोठा व्यापारी बसलेला.

मला वाटलं, निदान आज हा तोंडाशी नेण्याचं नाटक तरी करील. दात माझेच तर वापरायचे होते! त्याच्या जिभेला तिची हळद लागणारही नव्हती. पण नाही. त्यानं दोन बोटांत हळकुंड धरलं, ढिगावर टाकलं, "ओली."

माझं टाळकं फिरलं. मी वाकलो, तिच्या ढिगातलं सगळ्यात जाड हळकुंड उचललं आणि पोत्याआड न लपता फोडलं. खट्ट! सगळ्या ओट्याला ऐकू गेलं.

सांगलीचा व्यापारी सटवाजीकडे पाहत राहिला. "पारखीबुवांचं तोंड मिटलेलं आहे. मग आवाज कुठून आला?"

मी तुकडे तळहातावर काढून दाखवले. "माज्या तोंडातनं. आठ दिस झाले, माज्याच तोंडातनं येऊन राहिला. याच्या तोंडात दात न्हाईत, शेठ. कवळी हाय. अन् ही हळद ओली न्हाई."

"खोटं बोलून राहिला!" सटवाजी ओरडला. "ओलीच हाय ती!"

शेठ काही धर्मात्मा नव्हता. आशाबाईच्या मालाचा भाव इतकी वर्षं पाडून घेण्यात त्याचाही फायदा होताच. पण पाहुण्या व्यापाऱ्यापुढं त्याचं नाक कापलं जात होतं. त्यानं ढिगातलं हळकुंड उचलून सटवाजीपुढे धरलं. "तुझा दात खोटं बोलत नाही ना? चाव."

सटवाजीनं माझ्याकडे पाहिलं, मग आशाबाईकडे. त्यानं ते हळकुंड तोंडात घातलं, डोळे मिटले आणि सगळा जोर लावून चावलं. मोडल्याचा आवाज आला. पण त्याच्या तोंडातून बाहेर पडलं ते हळकुंड अख्खं होतं. मोडली होती ती कवळी. तीन दातांचा गुलाबी तुकडा घरंगळत आशाबाईच्या ढिगावर जाऊन पडला.

"वाळलीय," व्यापारी म्हणाला. "दगड आहे नुसता. भाव पहिल्या प्रतीचा लावा."

शेठ सटवाजीला म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." हा तोंडावर रुमाल धरून उभा राहिला. मला आनंद झाला. अजूनही सांगताना होतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मी पोतं भरायला वाकलो, तर आशाबाई आधीच खाली बसली होती. तिनं तो गुलाबी तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि सटवाजीच्या हातावर ठेवला.

"धरा," ती म्हणाली. "माजा माल वाळलेला हाय. त्यात असली घाण नगं."