साहेब उठल्याशिवाय

चहा घ्या, सांगतो. पण वृंदासमोर हसू नका. बायकोला माझी ही फजिती तोंडपाठ आहे आणि ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते.

२००५ साल. अमेरिकेतल्या कॅरी गावात एका औषध कंपनीत नवा लागलो होतो. पगार तासावर, व्हिसा नोकरीवर. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत एकच गोष्ट अंगी मुरली होती: साहेब उठल्याशिवाय आपण उठायचं नाही. माझं काम पाचला संपायचं. टाइमशीटवर इमानदारीत पाचच लिहायचो. पण डेव्ह, म्हणजे माझा मॅनेजर, सात-सात वाजेपर्यंत बसून. मग मीही बसायचो, कॉम्प्युटरवर पत्ते खेळत.

"काय कामसू साहेब मिळालाय," मी घरी सांगायचो. वृंदा गार झालेली आमटी पुन्हा गरम करायची.

तीन आठवड्यांनी एचआरच्या बाईंनी बोलावलं. डेव्हही तिथेच, चेहरा पाडून. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की आम्ही परत पुण्यात.

"टाइमशीटवर पाच, दाराच्या नोंदीत सात," बाई म्हणाल्या. "हे दोन तास काय काम करता?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार?

"काही नाही मॅडम. देवाशपथ, एक मिनिटही काम केलेलं नाही. पत्ते खेळतो."

नोकरी वाचवायला असं सांगणारा अख्ख्या अमेरिकेत मी एकटाच असेन.

बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. इथला कायदा असा, की तासावरच्या माणसानं आठवड्याला चाळीस तासांवर काम केलं, तर दीडपट पगार द्यावाच लागतो. त्याला कोणी थांबायला सांगितलेलं नसलं तरी. कंपनीला वाटलं होतं, हा गपचूप फुकट राबतोय, उद्या केस आपल्यावर.

"मग बसत का होतास?" डेव्हनं विचारलं.

"तू बसायचास म्हणून."

"मी? अरे, तू एकटा राबतोयस म्हणून मी थांबत होतो. मुलीच्या सहा मॅचेस बुडाल्या माझ्या."

हे ऐकून बाईच हसत सुटल्या. नोकरी शाबूत होती, मला तर रडूच येणार होतं. त्या दिवशी पाचच्या ठोक्याला आम्ही दोघं एकदम उठलो.

साडेपाचला मला दारात बघून वृंदाचा चेहरा पांढराफटक. "नोकरी गेली?"

सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे रोज दोन तास नुसता बसत होतास. मग घरी बसायला काय झालं होतं?" असं म्हणून तिनं मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवली.

तेव्हापासून साडेपाचला भाजी निवडायला बसतो. आणि खोड काही गेलेली नाही, वृंदा उठल्याशिवाय मी उठत नाही.