आठ बायकांची ध्येयं आणि आमच्या घरची भांडणं

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आठ बायकांची ध्येयं ठरवून टाकली. त्या बायकांना न विचारता.

मनोरुग्ण बायकांच्या वॉर्डात आमची ड्यूटी होती. ट्यूटरबाईंनी बजावलं होतं, "गोल करून बसा. या आठवड्यात काय करायचंय ते प्रत्येकीला विचारा, आणि ती सांगेल तेच चार्टवर लिहा. मी येऊन मार्क देईन." सोपं होतं. पण कोणी बोललंच नाही तर? म्हणून मी चार्ट आदल्या दिवशी नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरीच लिहायला घेतला. (हुशारच ना मी!)

बर्डीच्या बाजारातून आणलेला ड्रॉइंग पेपर पसरला, तसं सगळं घर भोवती जमलं.

"लिही," बाबा म्हणाले, "भाजीत मीठ बेतानं घालणे."

"असं का?" आई आतून कडाडली. "मंग हेही लिही वं, पेपर वाचून झाल्यावर घडी करणे!"

"दुसऱ्याची सायकल न विचारता न नेणे," भाऊ.

"उलट उत्तर न देणे," ताई. (माझ्याकडे बघत!)

दहा मिनिटांत आठ ध्येयं तयार. प्रत्येकापुढे एकेका पेशंटचं नाव टाकलं आणि निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात चार्ट टांगून मी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

"सायकल?" सखूबाई म्हणाली. "माह्या पायात चप्पल नाही वं पोरी!"

"आन् मीठ कुठी घालू?" दुसरी म्हणाली. "इथं चूल दिसून राहिली का तुले?"

सगळ्या खो खो हसल्या. हसली नाही ती फक्त गोदाबाई, उमरेडची विणकर बाई. तिच्या वाट्याला 'उलट उत्तर न देणे' आलं होतं.

"मले इचारलं काहून नाही?" ती म्हणाली. "ऐतवारी माही पोरगी येऊन राहिली. हा दवाखान्याचा झगा नाही, म्या विणलेलं लुगडं नेसून भेटाचं आहे तिले. ते लिही."

तिचं लुगडं गाठोड्यात, गाठोडं कुलपात. ट्यूटरबाईंनी चिठ्ठी दिली की कुलूप उघडणार. आणि मी काय म्हणाले?

"मावशी, चार्टवर जागा नाही हो."

जागा होती. चांगली वीतभर! पण खाडाखोड झाली असती, मार्क गेले असते.

तेवढ्यात ट्यूटरबाई आल्या. मी हातातली पट्टी चार्टवरच्या मोकळ्या जागेवर आडवी धरली.

"गोदाबाई, तुमचं ध्येय काय? कोणी ठरवलं?"

ती एक शब्द खरा बोलली असती तर मी नापास! गोदाबाईनं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उलट उत्तर नाही देणार," ती शांतपणे म्हणाली. "माहं मीच ठरवलं."

"आन् सायकलचं म्या!" सखूबाईनं हात वर केला. मग मिठाची मालकीण पुढे आली. बघता बघता आठही जणींनी आमच्या घरची भांडणं आपापल्या अंगावर घेतली!

ट्यूटरबाईंनी चार्ट वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी वहीत लिहिलं, 'रुग्णांचा सहभाग उत्तम.'

लुगड्याचं सांगायची तीच वेळ होती. मी चार्टची गुंडाळी करत बसले.

रविवारी गोदाबाई झगा घालूनच लेकीला भेटली. मी पाठ करून तापमानाचे तक्ते भरत होते, तर तिनं हाक मारली. "ये वं इकडं!" मग लेकीला म्हणाली, "पाह्य पोरी, ही आमची शिकाऊ सिस्टर. लय भेते बिचारी, पण पास झाली." त्या लेकीनं मला हात जोडले!

सोमवारी मी ट्यूटरबाईंना लुगड्याचं सांगितलं. त्यांनी उभ्या उभ्या चिठ्ठी लिहून दिली. दोन मिनिटांचं काम! गोदाबाई लुगडं नेसली, आणि बघायला होतं कोण? मी.

आता माझं प्रमाणपत्र बैठकीत टांगलंय. "पहिला वर्ग? वा!" पाहुणे म्हणतात. मी लाजून हसते. त्यांना तो विनय वाटतो. मला खरं पास कोणी केलं, हे अजून एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही, आणि मी चहा टाकायला आत जाते.