नळीवरची रेघ

या, अशा जवळ बसा. इतकी वर्षं या गल्लीतून येता-जाता, आणि आज विचारता काय, तर शेजारचं दुकान बंद का! माणूस इथं होता तेव्हा कधी आत डोकावलात?

"घाई असंल तर घेऊन जावा." मिस्त्रींचं गिऱ्हाइकाशी पहिलं वाक्य हेच. तेही आलेली बंदूक हातात घेऊन, नळी अंगठ्यानं चाचपत. बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान त्यांचं. आजोबा-पणजोबांच्या वेळच्या, एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफली यायच्या. शेजारी माझं पिको-फॉलचं मशीन.

अशा रायफलीची नळी मागच्या पेटीत आट्यांवर फिरवून बसवलेली असते, बरणीला झाकण बसवतात तशी. आटे गंजून झिजले की नळी काढायची, लेथवर नवे आटे पाडायचे, परत बसवायची. नळी सुटावी म्हणून मिस्त्री चार-चार दिवस नुसतं तेल पाजत बसायचे. एकदा उमरीचा एक जण ठोकून चेपलेली नळी घेऊन आला.

"हातोडा कुणी घातला?"

"मी न्हाई, भावानं."

"मग भावालाच पाठवा. नारळ हाय का हे फोडायला?"

बोलले, पण ठेवून घेतली. आठव्या दिवशी नळी सुटली तर पेढा मला दिला, त्या माणसाला नाही.

खरी कसोटी बसवताना. नळीवर एक बारीक रेघ असते, पेटीवर एक. दोन्ही एका ओळीत आल्या तरच पुढच्या टोकाची, नेम धरायची माशी सरळ उभी राहते. मोतीबिंदू काढल्यावरही मिस्त्रींना ती रेघ धुरकटच दिसायची. मी सुईत दोरा ओवणारी, म्हणून हाक यायची, "अक्का, जरा बघून जावा." मी वाकून बघायची. "केसभर अलीकडं हाय." ते केसभरच फिरवायचे.

देवणीच्या एका मास्तरांची रायफल होती, वडिलांची आठवण. ऐन लग्नसराई. नवरीची मावशी ब्लाउजांसाठी माझ्या डोक्यावर बसलेली. तेवढ्यात हाक आली. मी दारातूनच बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हाव, जुळली."

महिन्याभरानं मास्तर परत आले. रागावले नाहीत बिचारे. "मिस्त्री, माशी कलल्यागत वाटून राहिली." मिस्त्रींनी मला बोलावलं. या वेळी मी नीट वाकून बघितलं. दोऱ्याएवढा फरक होता.

"अक्कांनी बघितली तवा जुळलीच व्हती," मिस्त्री मास्तरांना म्हणाले. "मागून पान्हा काढताना माझाच हात हालला असंल."

मी तिथंच उभी होते. मग परत येऊन मशीनवर बसले.

ती नळी त्यांनी सरळ करून दिली, आणि नवं काम घेणं सोडलं. "हात गेला, अक्का. लोकांच्या घरची चीज हाय, खेळ न्हाई." परवाना जमा केला, लेथ विकला, बिलोलीला लेकीकडे गेले.

हात चांगला होता हो त्यांचा. मी बघितलं नव्हतं.

फोन होतो अधूनमधून. त्यांना ऐकू कमी येतं. ही गोष्ट ओरडून सांगायची तर गल्ली गोळा होईल. समोर बसूनच सांगायची आहे. तोवर तुम्ही कुणाला बोलू नका. परवा मी फोनवर एवढंच ओरडले, "मिस्त्री, एकदा नांदेडला या."

"कुणाची नळी हाय का? माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई, अक्का."

"नळी न्हाई. तुम्ही या. याच आठवड्यात या."